जातीवरून हेटाळणी आणि लैंगिक कलावरून हेटाळणी: एकाच मापानं मोजायची का?

सेटलमेंटचा नातू
माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले, म्हणजे इंग्रजांनी "गुन्हेगार" ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची वस्ती. तारेचं कुंपण, रोजची हजेरी. गुन्हा एकच, तसल्या जमातीत जन्म. ३१ ऑगस्ट १९५२ ला जमाती विमुक्त झाल्या, पण हॉटेलच्या मागच्या खिडकीतला कान तुटलेला कप त्यानंतरही बरीच वर्षं त्यांच्या नशिबी होता. चहा पिऊन कप त्यांनीच विसळायचा. पैसे वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून.

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. भाच्यानं दिवाळीत घरी सांगितलंय की त्याला मुलगेच आवडतात. पाणी प्यायला मांडणीवरचा स्टीलचा पेला उचलला, तर बहीण घाईनं म्हणाली, "दादा, तो नको, तो त्याचा आहे." पेल्याच्या बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका. आजोबांच्या नातीच्या घरात वेगळा पेला!

अमेरिकेत एकेकाळी काळ्यांना वेगळा नळ, इथं आम्हाला वेगळा कप, भाच्याला वेगळा पेला. मला हे सगळं एकच वाटतं. कुणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

बाळीवेस
दादा, वाचून वाईट वाटलं. तरी तुलना मान्य नाही. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर भाच्याला कुणी कल विचारत नाही. आम्हाला पहिल्यांदा आडनाव विचारतात. मी इंजिनिअर, जुळे सोलापुरात तीन दारांत "कालच दिली ओ" ऐकून परत आलोय. तो गप्प राहू शकतो. काळ्या माणसानं कातडी कुठं ठेवायची, मी आडनाव कुठं ठेवायचं? शिवाय आमच्याकडून नुसता मान गेला नाही. जमीन, विहीर, शाळा, सगळं पिढ्यानपिढ्या गेलं. "हेही तसंच" म्हटलं की ते देणं परस्पर फिटल्यासारखं होतं.

पूर्वभाग
गप्प राहता येतं, ही तुम्हाला सवलत वाटते. मी तेहतीस वर्षांचा आहे, गप्पच आहे. तुम्हाला शाळेत कुणी जातीवरून बोललं तर घरी येऊन आईला सांगता येत होतं, तिनंही तेच सोसलेलं होतं. मी कुणाला सांगणार? आमच्या घरातच यंत्रमाग. आई कांड्या भरायची. संध्याकाळी माग थांबले की जेवताना वडील गल्लीतल्या एका पोराच्या चालण्याची नक्कल करायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. दुसऱ्या दिवसापासून मी माझी चाल बदलली. आजही रस्त्यानं जाताना पावलांकडे लक्ष असतं.

विजापूर रोड
मुळातच गल्लत होतेय. वंश, जात जन्मानं मिळते. हे वागणं आहे, आणि वागण्यावर बोलायचा समाजाला हक्क आहे. कुठल्याच धर्मात हे बसत नाही.

सेटलमेंटचा नातू
काका, आजोबांनाही "वळण लावायचंय, सुधारायचंय" असंच सांगून तारेआड ठेवलं होतं. गुन्हेगार जमातींचा इंग्रजांचा पहिला, १८७१ चा कायदा एकट्या जमातींसाठी नव्हता. एका भागात आमच्यासारख्या जमातींची नोंद, दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची. नोंद झालेला माणूस बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसला किंवा लोकांसमोर नाचला, तर विनावॉरंट अटक. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ही इंग्रज सरकारनंच १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं.

आणि धर्माचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गोरा नवरा आणि काळी बायको यांना शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानं लिहिलं होतं की देवानं वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते मिसळू नयेत म्हणूनच. १९६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं असं लग्न गुन्हा ठरवणारा तो कायदा मोडला. त्यातल्या बायकोनं, मिल्ड्रेड लव्हिंगनं, २००७ मध्ये समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. जिनं सोसलं, तिला दोन्हींतलं साम्य दिसलं.

बाळीवेस
एकाच कायद्यात दोघांची नोंद होती हे मला माहीत नव्हतं. काकांच्या बाजूनं मी नाहीच. पण २०१५ मध्ये मुंबईच्या एका आईनं समलिंगी मुलासाठी "वर पाहिजे" जाहिरात दिली, देशभर कौतुक झालं. जातीची अट नाही असं लिहून कंसात स्वतःच्याच जातीला प्राधान्य होतं. कल बदलला तरी जात सुटली नाही. म्हणून "एकच" म्हणू नका.

पूर्वभाग
हे खरं आहे. आमच्यातही आडनाव विचारतात. ज्याच्या अंगावर दोन्ही आहे, त्याला दोन्हीकडून ढकलतात. अमेरिकेतला काळा कार्यकर्ता बायर्ड रस्टिन, त्यानं काळ्यांच्या हक्कांसाठीच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची सगळी बांधणी केली, पण तो समलिंगी म्हणून त्याला प्रमुख न करता उपप्रमुख केलं. काळ्यांच्याच मोर्चात.

सेटलमेंटचा नातू
बाळीवेस, "एकच" हा शब्द मागे घेतो. देणं वेगळं, त्याचा हिशोबही वेगळा. पेल्याचा ठिपका मात्र मला सोडत नाही. रविवारी बहिणीकडे जातोय. आजोबांच्या कपाचं तिला कुणी कधी सांगितलंच नाही, ते गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती.

पूर्वभाग
दादा, सांगताना भाच्यालाही समोर बसवा.