विश्वास दान आहे, तर मग कमी कुणामुळे पडला?

नगरची लेक
परवा इथे एकांनी लिहिलं, "विश्वास हे देवाचं दान आहे. ज्याला तो लाभला नाही, त्याने मनापासून मागितलाच नाही." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. माझी आई कर्करोगाने गेली. शेवटच्या महिन्यात आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक वडीलधारे प्रार्थनेला आले आणि तिच्या उशाशी बसून म्हणाले, "बाई, विश्वास कमी पडतोय." ते गेल्यावर आईने गोळ्यांच्या डब्याखालची वचनांची वही ओढली, पानं उलटत राहिली आणि मला विचारलं, "कुठे कमी पडले गं मी?" दान असेल तर देणं देणाऱ्याच्या हाती. मग न मिळाल्याचा ठपका घेणाऱ्यावर कसा? काय ते एक बोला.

पाळकपुत्र
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण एका माणसाच्या बोलण्यावरून शिकवण टाकून देता येत नाही. बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र, इफिसकरांस 2:8 बघा: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, म्हणजे पापातून सुटका, आणि हे देवाचं दान. जुना ख्रिस्ती आचार्य ऑगस्टिनही आधी म्हणायचा, विश्वास आपला, बाकीचं देवाचं. मग "तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही?" या पौलाच्या प्रश्नापाशी तो अडला आणि आपलं चुकलं हे त्याने लिहून ठेवलं.

शब्दवेडा
पण त्या वचनातलं "हे" म्हणजे काय? मूळ ग्रीकमध्ये विश्वास आणि कृपा दोन्ही स्त्रीलिंगी, आणि "हे" नपुंसकलिंगी. म्हणजे दान हे सगळं तारण, एकटा विश्वास नव्हे.

पाळकपुत्र
ग्रीकमध्ये "दान"ही नपुंसकलिंगीच आहे, "हे" त्याच्याशीही जुळतं, तेही सांगा. व्याकरणाने कुणाचं तारण होत नाही.

शब्दवेडा
हे बोलणं मला लागलं. पंडिता रमाबाईंनी ग्रीक-हिब्रू शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, ते व्याकरण क्षुल्लक होतं म्हणून? आणि ज्यांच्या बाजूने तुम्ही भांडताय, त्या धर्मसुधारक कॅल्विननेच या वचनावर लिहिताना म्हटलंय की पौल इथे विश्वासाला नाही, तारणाला दान म्हणतो.

वसईकर
तुम्ही मोठी माणसंच धरून चाललात. आमच्या कॅथलिकांकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. जुन्या लॅटिन विधीत फादर दारातच विचारायचे, "देवाच्या मंडळीकडून काय मागतोस?" बाळाच्या वतीने उत्तर यायचं: "विश्वास." त्या बाळाने काय कमावलं होतं? यापेक्षा उघड दान कुठलं? आणि माझ्या लग्नात सासरच्या चर्चवाल्यांनी माझा हाच बाप्तिस्मा धरला नाही. पुन्हा पाण्यात उतरा म्हणाले. माझी आई मांडवातून उठून गेली होती.

पाळकपुत्र
बाळाला कळतच नाही तर विश्वास कसला? रोमकरांस 10:17 म्हणतं, विश्वास ऐकण्याने होतो.

वसईकर
कळल्यावरच मिळतो तर ते दान कसलं, परीक्षेचा निकाल झाला! सकाळपासून तुम्हीच दान दान म्हणताय ना?

शब्दवेडा
हे मात्र वसईकरांचं बरोबर आहे.

पाळकपुत्र
सगळे एका बाजूला झालात, ठीक. इफिसकरांचं व्याकरण सोडतो, कॅल्विनचंही मान्य. पण फिलिप्पैकरांस 1:29 सोडणार नाही. तिथे विश्वास ठेवणं "दिलेलं आहे" असं सरळ लिहिलंय.

नगरची लेक
दादा, अर्ध्यावर थांबलात. त्याच वाक्यात पुढे आहे की ख्रिस्तासाठी दुःख सोसणंही दिलेलं आहे. तिथे पौल छळाबद्दल बोलतोय, आजाराबद्दल नाही, हे मला कळतं. पण विश्वास असला की दुःख टळतं, असं तो म्हणत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या ओंजळीत ठेवतो. आईला ते गृहस्थ हे वाचून दाखवू शकले असते. मार्क 9 मधला आजारी मुलाचा बाप तर येशूसमोर रडून म्हणाला, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा. येशूने मुलगा बरा केला. आधी विश्वास वाढवून ये, असं म्हणाला नाही.

पाळकपुत्र
वचन पूर्ण वाचायला हवं होतं मी. तुमच्या आईंना जे ऐकवलं ते चूकच होतं, मघाशी मी ते टाळलं. दानाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

वसईकर
आणि बाळाचं?