खाटीक की गांधारी?

माळावर बाभळीच्या काट्याला नाकतोडा टोचलेला दिसला. वाऱ्याने अडकला म्हणावं, तर काटा आरपार. सोबतचे एकजण म्हणाले, हे खाटीक पक्ष्याचं काम. दुसरे म्हणाले, आमच्याकडे त्याला गांधारी म्हणतात. दोन्ही एकच का? आणि लिहायचं ‘खाटिक’ की ‘खाटीक’?

—

पक्षी एकच. ‘खाटीक’ लिहा, टी दीर्घ. विभक्ती लागली की ती ई गळते : बेडूक–बेडकाला, माणूस–माणसाला, तसं खाटीक–खाटकाला. पक्ष्यांवरच्या मजकुरात ‘खाटीकाची चोच’ सर्रास दिसतं, दर वेळी खटकतं. मूळ संस्कृत खट्टिक.

—

सुतार लाकूड टोचतो, शिंपी पानं शिवतो, तांबट दिवसभर टुकटुक ठोकतो, वर कोतवाल आहेच. अर्धा गावगाडा झाडावर बसलाय, त्यात खाटीकही आला. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये याच्या प्रजातीला (जीनसला) ‘लॅनियस’ म्हटलं, लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ खाटीकच. जर्मन लोक याच्या एका भाईबंदाला ‘नऊ मारणारा’ म्हणतात. नऊ जीव मारल्याशिवाय तो खात नाही, अशी जुनी समजूत. मोजायला कोण बसलं होतं देव जाणे.

—

नाव चपखल आहे, पण क्रूरपणामुळे नव्हे. चोच ससाण्यासारखी बाकदार, वरच्या चोचीला दातासारखं टोक. पाय मात्र साध्या गाणाऱ्या पक्ष्याचे. भक्ष्य दाबून धरून फाडायला घारीसारख्या नख्या नाहीत. म्हणून सरडा, उंदराचं पिल्लू, मोठा नाकतोडा काट्यात अडकवायचा आणि चोचीने तोडायचा. उरलं तर तिथेच राहू द्यायचं. दुकानात मटण टांगायचा आकडा असतो ना, तोच हा काटा.

—

मला ‘गांधारी’ जास्त आवडतं. चोचीपासून डोळ्यावरून कानापर्यंत काळी पट्टी, डोळा त्यातच बुडालेला.

—

पण ती गांधारी बघत नव्हती हो! ही तारेवर बसून गवतातला किडा हेरते.

—

मान्य. आणखी एक गंमत : नर असला तरी ‘गांधारी बसलीय’, मादी असली तरी ‘खाटीक बसलाय’. खाटकांतल्या ‘नकल्या खाटीक’ या जातीत नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे चूक कोणी पकडत नाही. राखी डोकं, तांबूस पाठ, लांब काळी शेपटी, जेमतेम २५ सेंमी. बडबड करणारा बडबड्या, तसा इतर पक्ष्यांच्या नकला करणारा नकल्या. गातोही गोड, तेवढ्यापुरतं काट्यावरचं विसरायला होतं.

—

आभार. वहीत ‘खाटकाने टांगलेला नाकतोडा’ असं लिहिलं. आज पुन्हा जाऊन आलो. काट्याला फक्त एक तंगडी लोंबत होती.