मदत हवी आहे: भर थंडीतली हरणाची शिकार, वारा बरोबर असूनही हरणं बुजतात

मंडळी, नमस्कार. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत क्रॉसबोने (चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य) शिकार करते. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, ठाऊक आहे; इथे परवाना काढून ठरलेल्या हंगामात ती रीतसर चालते. तेव्हा ‘बिचारी हरणं’ हा विषय कृपया दुसऱ्या धाग्यावर.

क्रॉसबोचा हंगाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, काही काउंट्यांत तर महिनाअखेरपर्यंत. पण नोव्हेंबरात बंदूकवाल्यांनी रान उठवलं तेव्हापासून ओकच्या झाडीत शुकशुकाट आहे. बर्फ पडल्यावर माग काढला, तर सगळ्या पायवाटा एकाच जागी उतरतात: ओळखीच्या शेतकऱ्याच्या न कापलेल्या मक्यात. कणसं बर्फाच्या वर राहतात, त्यामुळे रोज संध्याकाळी तिथे पंगत. म्हणून शेताच्या वरच्या कडेला, उतारावर मचाण बांधलं. वारा शेताकडून माझ्याकडे, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

तरीही सूर्य टेकडीआड गेला की थोड्याच वेळात पुढची मादी मान वर करते, नाक उंचावते, पुढचा एकच खूर बर्फावर आपटते. पुन्हा आपटते. मग जोरात फुरफुरते, शेपट्या वर आणि सगळा कळप पसार. मी पापणीही हलवलेली नसते. कुठे चुकतंय?

आणि ज्या संध्याकाळी बुजत नाहीत, त्या संध्याकाळी अंधार पडून शिकारीची वेळ संपली तरी खाली चरतच असतात. मी वर अडकलेली. उतरायचं कसं? उणे १२ मध्ये मोज्यांवर मोजे चढवूनही पाय बधिर होतात, ते वेगळंच.

बर्फाळ_बापू:
ताई, ‘उतारावर, वरच्या कडेला’ इथेच घोळ आहे. दिवसा उन्हाने तापलेली हवा चढाकडे सरकते. ऊन गेलं की जमिनीलगतची गार, जड हवा उताराने खाली वाहू लागते. संध्याकाळी वारा पडला की तिचंच राज्य. हवामानाचं अॅप काहीही म्हणो, तुझा वास थेट मक्यात जातोय. मिल्कवीडच्या सुक्या शेंगा खिशात ठेव (आपल्या रुईच्याच गोतावळ्यातलं झाड) आणि सूर्यास्ताच्या आसपास एकेक म्हातारी हवेत सोडून बघ. शेताकडे गेली, तर मचाण हलवायला हवं. शेताच्या खालच्या अंगाला बस, म्हणजे गार हवा हरणांवरून तुझ्याकडे येईल.

उतरायचं म्हणशील तर शेतकऱ्याला पिकअप घेऊन शेतात एक चक्कर मारायला सांग. गाडी ती रोज बघतात, बाजूला होतात आणि नंतर परत येतात. माणूस झाडावरून उतरताना दिसला, की ते झाड मात्र लक्षात ठेवतात.

सकाळच्या भानगडीत पडू नकोस. काळोखात चालत गेलीस तर चरणाऱ्या कळपातूनच वाट काढावी लागेल.

सह्यकडा:
बापूंशी सहमत. पायांसाठी मोजे वाढवू नका, कमी करा. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. जाड जाकीट पाठीला बांधून सावकाश चाला, घाम येऊ देऊ नका, आणि मचाणाखाली पोचल्यावर कोरडे लोकरी मोजे घाला. सुती काहीही नको.

क्रॉसबोचं एक सांगतो. ताणलेली दोरी मोकळी करायला लोक जुना बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) जमिनीत मारतात. गोठलेल्या जमिनीवरून तो उसळतो! फोमचं लक्ष्य सोबत न्या. उतरताना बोल्ट काढून क्रॉसबो आधी दोरीने खाली सोडा, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत हार्नेस (झाडाला बांधून ठेवणारा सुरक्षा-पट्टा) अंगावर राहू द्या. पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा असतोच.

तुमच्या काउंटीत २४ डिसेंबर ते १ जानेवारीची बंदुकीची शिकार आहे का ते बघा. असेल तर त्या दिवसांत क्रॉसबोवाल्यांनाही चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे. सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा, संसर्गजन्य रोग) तपासणीही चुकवू नका. राज्यात हा रोग २००२ साली पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच भागात. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, रश्श्यात नाही.

नवं_पाखरू:
अवांतर: मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला बंदूक चालेल का?

सह्यकडा:
अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाई आहे; राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. तरी वकिलाला विचारूनच हात लावा, प्रश्न व्हिसाचा आहे. क्रॉसबोला ही कटकट नाही.

धागाकर्ती:
बापू, म्हाताऱ्या सोडून पाहिल्या. ऊन होतं तोवर माझ्याकडे येत होत्या. नंतर एक जागीच घुटमळली, वळली आणि तरंगत मक्यात शिरली. पटलं! पण खालच्या बाजूला मचाण पेलेल असं झाडच नाही, नुसती विलोची झुडपं. जमिनीवर कापडी आडोसा चालेल?

बर्फाळ_बापू:
उघड्यावर उभारलास तर कित्येक दिवस त्याच्याकडे टक लावून बघतील. मक्याच्या कडेच्या ओळींत घुसव, वरून ताटं बांध आणि काही दिवस तिकडे फिरकू नकोस. शेतकऱ्याच्या गवताच्या गोल गाठी तिथे पडून असतील तर सरळ त्यांच्या आड बस. त्या हरणांच्या ओळखीच्या आहेत.