निर्णयक्षमता आणि हिवरे बाजार

काही जण म्हणतात की निर्णयक्षमता उपजतच असते, शिकून येत नाही. मला हे पटत नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारचंच बघा. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते एम.कॉम. झालेले तरुण होते, पाण्याचे तज्ज्ञ नव्हते. गाव दुष्काळी, माणसं पोटासाठी बाहेर पडलेली.

मग गावाने पाणलोटाची, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याची कामं केली. तशी कामं पुढे बऱ्याच गावांनी केली. हिवरे बाजारचं वेगळेपण पाण्याच्या ताळेबंदात आहे. गावात पर्जन्यमापक आहे, ठरावीक विहिरींची पातळी मोजतात. पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडला जातो: एकूण पाणी किती, आधी माणसांना आणि जनावरांना किती, उरलं किती. त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी खाणारी पिकं नाहीत, आणि ऊस, केळी लावायची नाही, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हे नियम तर कायमचे. ऊस, केळीला नाही म्हणणं सोपं नसतं हो, समोर आपलीच भावकी बसलेली असते! पण आकडे सगळ्यांसमोर असले की नकार व्यक्तीचा राहत नाही.

शिवाय दरवर्षी पाऊस येऊन मागच्या वर्षीचा अंदाज तपासून देतो. आपल्या ऑफिसांत निर्णय झाला की फाइल बंद, सहा महिन्यांनी ती उघडून कोण बघतं? निर्णय घेताना काय गृहीत धरलं होतं एवढं जरी तारीख घालून लिहून ठेवलं, तरी पुढच्या वेळी तपासायला काहीतरी हातात असेल.