व्हिएतनामने भारताला मागे टाकलं म्हणे!

खातेवही (धागाकर्ता)

सगळ्या गटांत एक पोस्ट फिरते आहे: '२०२४-२५मध्ये भारतात निव्वळ परकीय गुंतवणूक जवळपास शून्य, तिकडे व्हिएतनाममध्ये २५ अब्ज डॉलर. परदेशी कंपन्यांनी भारताकडे पाठ फिरवली.' खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून तर जास्त चीड येते.

हिशेब असा. भारतात आले ८१ अब्ज डॉलर. परदेशी मालकांनी हिस्सा विकून किंवा भांडवल काढून परत नेले साडेएक्कावन्न अब्ज. आपल्याच कंपन्यांनी बाहेर गुंतवले २९ अब्ज. उरले ३५ कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे भारतीय कंपनीने परदेशात कारखाना घेतला, तरी या आकड्यात ती वजाबाकीच. व्हिएतनामचे २५ अब्ज मात्र प्रत्यक्ष उतरलेली ढोबळ रक्कम, वजा काहीच केलेलं नाही. एका दुकानाचा निव्वळ नफा आणि दुसऱ्याचा गल्ला शेजारी मांडून ठेवलाय.

आणि 'परत नेले' म्हणजे पळाले नव्हेत. ऑक्टोबर २०२४मध्ये ह्युंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ आला. त्यात नवीन शेअर एकही नव्हता, कोरियन मालकाने आपले साडेसतरा टक्के विकले. तो पैसा कोरियाला गेला की रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात 'परतावा' म्हणून लागतो. चेन्नईजवळचा कारखाना जागेवरच आहे. पुढच्या वर्षी एलजीनेही तेच केलं, ११,६०७ कोटी. एवढा हिस्सा विकायला बाजारात तेवढी खोली लागते. व्हिएतनामच्या बाजाराला निर्देशांक बनवणाऱ्या फुट्सी रसेलने ऑक्टोबर २०२५मध्ये कुठे बढती जाहीर केली, एमएससीआय या दुसऱ्या निर्देशांकवाल्यांच्या यादीत तो अजून 'फ्रंटियर'मध्येच, म्हणजे उदयोन्मुख बाजारांच्या खालच्या पायरीवर आहे.

आडवाटेचा

असहमत. वजाबाकी बरोबर, निष्कर्ष सोयीचा.

व्हिएतनामची अर्थव्यवस्था आपल्या साधारण एक अष्टमांश. तिच्या मानाने २५ अब्ज म्हणजे ५ टक्क्यांच्या वर, आपले ८१ अब्ज म्हणजे जेमतेम २. शिवाय त्या ८१मध्ये ताजं भागभांडवल ५० अब्जच. बाकीच्यात मुख्यतः इथल्याच परदेशी कंपन्यांनी वाटला नाही तो नफा. एकही डॉलर विमानतळावर उतरलेला नाही, तरी तक्त्यात 'गुंतवणूक'. आणि कारखानदारीत गेले फक्त १९ अब्ज.

व्हिएतनामच्या निर्यातीतला ७० टक्क्यांहून जास्त माल परदेशी भांडवलाच्या कंपन्यांचा असतो. सॅमसंग २००८-०९मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या बाक निन्हला गेली, मग थाय न्गुयेनला, पाठोपाठ तिचे पुरवठादार. २००७मध्ये जागतिक व्यापार संघटना, २०१९मध्ये सीपीटीपीपी हा पॅसिफिक देशांचा व्यापार करार, ऑगस्ट २०२०मध्ये युरोपशी करार, २०२२मध्ये आरसेप हा आशिया-पॅसिफिकचा व्यापार करार. आपण आरसेपमधून २०१९मध्ये ऐन वेळी उठून आलो. आयपीओ कौतुकाचा खरा, पण तो मालकाच्या खिशाचा विषय, रोजगाराचा नाही.

फेमाग्रस्त

तुम्ही दोघं वरचे मजले रंगवताय. पैसा आत येतो कसा ते बघा, म्हणजे फरक कळेल.

इथे, फेमा म्हणजे परकीय चलन कायद्याखाली: पैसे बँकेत आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर, म्हणजे शेअर दिल्याची रिझर्व्ह बँकेला खबर देणारा फॉर्म. सोबत बँकेचा परकीय रकमेचा दाखला, पाठवणाऱ्याचं केवायसी, मूल्यांकनाचा दाखला, कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र. गाडी नेहमी अडते ती केवायसीत. पैसे सिंगापूरच्या भगिनी कंपनीने पाठवलेले असतात आणि शेअर मूळ कंपनीच्या नावे. नावं जुळत नाहीत, बँक फॉर्म परत करते, दुरुस्तीत ३० दिवस उलटतात, मग उशिराचं शुल्क: ७,५०० रुपये अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. शुल्क किरकोळ, पण पुढे हिस्सा विकताना हीच जुनी फाइल उकरली जाते.

व्हिएतनाममध्ये गुंतवणुकीचा दाखला, कंपनीचा दाखला आणि भांडवलासाठी वेगळं बँक खातं. कंपनीचा दाखला मिळाल्यापासून ९० दिवसांत भांडवल त्याच खात्यातून आत यायला हवं. चूक होते ती अशी, की घाईत जागेची अनामत मालक परस्पर भरतो किंवा पैसे साध्या खात्यात येतात. ते भांडवलात धरून घेताना नाकी नऊ येतात आणि भांडवल परत नेताना तेवढ्याच रकमेवर बोट ठेवलं जातं. नफा वर्षातून एकदाच बाहेर, लेखापरीक्षण आणि कर उरकल्यावर, पाठवण्याआधी ७ कामाचे दिवस करखात्याला कळवून.

चाकणकर

राज्यांचं काढलंच नाही कुणी! ३९ टक्के परकीय गुंतवणूक एकट्या महाराष्ट्रात, २०२४-२५चा सरकारी आकडा आहे. व्हिएतनामचं कौतुक सांगणाऱ्यांनी आधी हे वाचावं. आपणच नंबर एक.

आडवाटेचा

आलं! वाटच बघत होतो.

पहिलं, ते ३९ टक्के ८१चे नाहीत, ५०चे आहेत. म्हणजे साडेएकोणीस अब्ज. दुसरं, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, खातं मुंबईच्या बँकेत आणि कारखाना तमिळनाडूतल्या होसूरला, अशा कंपनीचा पैसा कुणाच्या नावावर चढतो? ऑक्टोबर २०१९पर्यंत तर आकडे रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार लागायचे, मुंबईच्या रकान्यात दमण आणि दादरा-नगर हवेलीसुद्धा. आता राज्यवार लागतात, पण मुख्यालयाकडचा कल गेलेला नाही.

चाकणकर

म्हणजे चाकण, तळेगाव, रांजणगाव हे सगळं कागदावरच आहे का? मर्सिडीज, फोक्सवॅगन काय होसूरला गाड्या बनवतात? महाराष्ट्राचं नाव निघालं की काही लोकांच्या पोटात का दुखतं कळत नाही. आणि वेदांत-फॉक्सकॉनचं चिपचं काम तळेगावहून गुजरातेत धोलेऱ्याला कसं गेलं, त्यावर एक अक्षर नाही!

खातेवही

चाकणकर, वेगळा धागा काढा की. तो प्रकल्प सप्टेंबर २०२२मध्ये धोलेऱ्याला गेला आणि जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनने भागीदारीच सोडली. कुणाचं काय गेलं त्यात?

सडेतोड

महाराष्ट्राचाच विषय आहे तर दाओस पण घ्या. जानेवारी २०२५मध्ये १५ लाख कोटींच्या वर करार जाहीर झाले. त्यातले मोठे कुणाशी? रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू. दोघांची ऑफिसं मुंबईत. सही करायला आल्प्सला जायचं कारण कुणी समजावेल का? बस क्रमांक ३१० पुरली असती.

चाकणकर

टिंगल सोपी असते. व्हिएतनामवाले काय सोवळ्यात आहेत? २०२४मध्ये तिथे 'नोंदणी' झाली ३८ अब्जांची, उतरले २५. तिकडचे पेपरही आधी मोठा आकडाच छापतात.

सडेतोड

हा मुद्दा मान्य. (लिहून ठेवा, तुमच्या वाट्याला रोज येत नाही.) पण ३८पैकी २५ म्हणजे निदान दोन्ही आकडे एका पानावर तरी ठेवतात. आपल्याकडे करारांचं पुढे काय झालं ते माहितीच्या अधिकारातून काढावं लागतं.

आता तळेगावचं नाव घेतलंच आहे तर जनरल मोटर्सचं बघा. २०१७मध्ये इथली गाडीविक्री थांबवली. जानेवारी २०२०मध्ये कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला द्यायचं ठरलं. एप्रिल २०२०मध्ये केंद्र सरकारची प्रेस नोट ३ आली: ज्या देशांशी जमिनीची हद्द लागते, तिथला पैसा सरकारी मंजुरीशिवाय नाही. डिसेंबरमध्ये उत्पादन बंद. १००हून जास्त कामगारांचा कारखाना, म्हणजे कुलूप लावायलाही औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ओ खाली सरकारची परवानगी. कामगार कोर्टात. जून २०२२मध्ये चिनी व्यवहार बारगळला, ऑगस्ट २०२३मध्ये ह्युंदाईने घ्यायचा करार केला, ताबा जानेवारी २०२४. शेअर बाजारातून बाहेर पडणं आणि कारखान्यातून बाहेर पडणं यात सात वर्षांचा फरक आहे. खातेवहींनी पहिलंच सांगितलं.

खातेवही

मुद्दा रास्त आहे, टोमणा नको होता. नव्या कामगार संहितेत ती मर्यादा ३०० झाली, नोव्हेंबर २०२५पासून लागू. आणि व्हिएतनाममध्ये कंपनी गुंडाळणं सोपं आहे असं समजू नका. करखात्याच्या शेवटच्या तपासणीशिवाय नाव खोडलं जात नाही आणि ती महिनोन् महिने रेंगाळते.

फेमाग्रस्त

प्रेस नोट ३चा खरा फटका गाड्यांना नाही, सुट्या भागांना बसला. 'लाभार्थी मालक', म्हणजे पैशामागचा खरा मालक, किती टक्क्यांपासून धरायचा, हे त्या नोटेत लिहिलेलंच नव्हतं. फंडात हाँगकाँगचा एखादा छोटा भागीदार असला तरी बँक हात वर करायची. त्याच काळात लक्सशेअर, गोअरटेक या सुटे भाग बनवणाऱ्या चिनी कंपन्या उत्तर व्हिएतनाममध्ये पसरल्या. फोन तिथे जुळायला लागला तो पगार कमी म्हणून नव्हे. कॅमेऱ्याचा भाग आणि चार्जर बनवणारा शेजारच्या शेडमध्ये आहे आणि चीनची सीमा ट्रकने काही तासांवर.

चाकणकर

म्हणजे चीनचाच माल, शिक्का व्हिएतनामचा. जुलै २०२५मध्ये अमेरिकेने अशा वळवून आणलेल्या मालावर ४० टक्क्यांची वेगळी पट्टी लावली, ती उगाच नाही. २०२३च्या मे-जूनमध्ये धरणं आटली तेव्हा त्याच बाक निन्ह-बाक ज्यांगच्या वसाहतींत आळीपाळीने वीज जात होती. तेव्हा कुठे गेली होती शिस्त?

आडवाटेचा

गेली होती, खरंय. मग ५०० केव्हीची तिसरी वीजवाहिनी ऑगस्ट २०२४मध्ये सुरू केली. साधारण ५०० किलोमीटर. चाकणच्या चौकातली कोंडी किती वर्षांची आहे, तुम्हीच सांगा, तुमच्या नावातच आहे.

खातेवही

विषयावर या. कराचा मुद्दा कुणीच काढला नाही. नव्या कारखान्याला १५ टक्के दर देणारं आपलं कलम ११५बीएबी ३१ मार्च २०२४ला संपलं. त्या तारखेपर्यंत उत्पादन सुरू नसेल तर २२ टक्के, अधिभार आणि उपकर धरून २५.१७. व्हिएतनामचा साधा दर २०, उच्च तंत्रज्ञानाला १० टक्के पंधरा वर्षं, त्यातली पहिली चार माफ, पुढची नऊ निम्मी. मोठ्या समूहांना जानेवारी २०२४पासून किमान १५ टक्क्यांचा जागतिक नियम लागला, म्हणून ती माफी त्यांच्यापुरती बोथट झाली आणि सरकारने वेगळा साहाय्य निधी काढला. ७५ कोटी युरोंच्या आतल्या उलाढालीचा समूह असेल तर माफी अजून पुरती मिळते. अशा मध्यम कंपनीला आज भारत का निवडावा, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: माल इथेच विकायचा असेल तर. निर्यातच करायची असेल, तर आडवाटेचा म्हणतात ते बरोबर, काय करणार.

आडवाटेचा

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

चाकणकर

होसूरचा पैसा मुंबईच्या नावावर चढतो, याचा एक तरी दाखला द्या आता. नुसतं 'कल' म्हणून चालणार नाही.