सर्व्हर नंतर, आधी कोण काय काम करणार ते लिहा

जिल्ह्याच्या जीआयएससाठी (नकाशे आणि त्यांच्याशी जोडलेली माहिती सांभाळणारी संगणक यंत्रणा) किती कोअरचा, म्हणजे किती ताकदीच्या प्रोसेसरचा, सर्व्हर घ्यायचा यावर या चर्चेत आधी बरंच बोलणं झालंय, पण मला वाटतं टेंडर काढायच्या आधी कुठल्या शाखेतले किती लोक एकाच वेळी बसून नक्की काय करणार आहेत ते लिहून काढा. नुसता नकाशा बघणारे वेगळे आणि जमिनीच्या गटाच्या हद्दी एडिट करणारे वेगळे, दोघांचा लोड सारखा नसतोच.

आणि नेटवर्क प्लीज विसरू नका! तालुक्याच्या ऑफिसातून डेस्कटॉप सॉफ्टवेअर थेट मुख्यालयातल्या डेटाबेसला जोडलं की प्रत्येक झूमला शेकडो वेळा ये-जा होते, मग लाइन जाड असली तरी लेटन्सीने (प्रत्येक ये-जाला लागणाऱ्या वेळेने) जीव जातो. तिथे रिमोट डेस्कटॉप द्या (सॉफ्टवेअर मुख्यालयातच चालतं, तालुक्यात फक्त स्क्रीन दिसते) नाहीतर वेबवरून नकाशा पुरवणारी वेब सर्व्हिस. रस्ते, गावांच्या हद्दी, सॅटेलाइट इमेज असं रोज न बदलणारं सगळं आधीच टाइल्स (नकाशाचे छोटे तयार चौकोनी तुकडे) करून कॅशमध्ये, म्हणजे लगेच देता येईल अशा साठ्यात, ठेवा, सर्व्हरवरचा निम्मा ताण तिथेच जातो असा माझा अनुभव आहे.

अजून एक, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आत्ताच ठरवा. यूटीएम या नेहमीच्या प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन असतात आणि ७८ अंश रेखांशावर झोन बदलतो, म्हणजे पुणे ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये आणि यवतमाळ जिल्हा तर मधोमध कापला जातो, त्यामुळे दोन खात्यांनी आपापल्या झोनमध्ये काम केलं की लेयर (रस्ते, हद्दी असे नकाशाचे एकावर एक ठेवायचे थर) जुळता जुळत नाहीत. आणि कुठला लेयर कुठल्या खात्याने अपडेट करायचा ते लेखी घ्या, सहीशिक्क्यासकट.