चारशे रुपयांचा कीबोर्ड, फेकून द्या म्हणे!

रामबागची_सून

परवा इथेच कुणीतरी विचारलं होतं, की कीबोर्ड मध्येच डिसकनेक्ट होतो आणि दोन सेकंदांत परत येतो, काय करू? त्यावर ‘दोन_मिनिटं’ यांचं उत्तर: ‘४०० रुपयांची वस्तू आहे. फेका, नवा आणा. ज्यांना वेळेची किंमत नाही त्यांनी डोकं लावत बसावं.’ खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग.

ती वेळेची किंमत नसलेली बाई मी. आता ऐका.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७९ वर्षांचे. सगळी नोकरी कचेरीत टाइपरायटरवर गेली. इथल्या, इंदूरच्या मंडळाच्या अहिल्याबाई होळकरांवरच्या स्मरणिकेचे लेख तेच टाइप करतात. (बाईंच्या जन्माला ३०० वर्षं २०२५ च्या मे महिन्यात झाली, स्मरणिका अजून निघतेच आहे. तो विषय वेगळा.) कीबोर्ड टुणटुण करत जायला लागला. ‘होळकर’ लिहायला घ्यावं तर ‘होळ’वरच अडायचं. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एकदा हळूच म्हणाले, ‘सूनबाई, माझीच बोटं जड झाली असतील.’ ते मला लागलं.

दुकानात नेला. नाव घेत नाही. त्यानं लावूनसुद्धा न बघता ‘ये तो गया’ म्हटलं आणि ४५० चा नवा हातात ठेवला. घरी आणून लावला, दुसऱ्या दिवशी तोच टुणटुण. आता सांगा, किती फेकू?

मग मी वही घेऊन बसले. कधी जातो ते लिहायचं, बस. तीन दिवसांत दिसलं: अण्णा चहाला किंवा पूजेला उठतात, परत येऊन पहिली कळ दाबतात, तेव्हा हमखास जातो. म्हणजे रिकामा राहिला की विंडोज वीज वाचवायला त्या यूएसबीला झोपवतं आणि उठवताना गडबडतं. पॉवर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंगात ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू दे’ची खूण काढली. पाऊण आजार गेला.

उरलेला पाव अण्णांच्या गुडघ्यात होता! टेबलाखाली कॅबिनेट, गुडघा लागला की कीबोर्ड गेला. समोरचं पोर्ट आतल्या एका वायरनं मदरबोर्डाला जोडलेलं असतं, ते ढिलं झालेलं. मागच्या पोर्टात लावला, जुनाच कीबोर्ड. आज सोळा दिवस झाले, एकदाही गेला नाही.

आता म्हणा, फेका.

दोन_मिनिटं

ताई, अण्णांबद्दल आदर आहे. पण तुमचीच गोष्ट माझ्या बाजूनं बोलते. तीन दिवस वही, मग सेटिंगं, मग गुडघा. माझं हिशेबाचं ऑफिस आहे. २० तारखेला संध्याकाळी जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरताना कीबोर्ड गेला. पोराला पिटाळलं, पंधरा मिनिटांत नवा आला, रिटर्न गेलं. वही लिहीत बसलो असतो तर लेट फी काय गुडघा भरणार होता?

रामबागची_सून

लेट फी दिवसाला ५० रुपये ना? म्हणजे आठ दिवस वही लिहिली असती तरी तुमचा तो एक कीबोर्ड झाला असता.

दोन_मिनिटं

५० रुपये एका क्लायंटचे. माझे साठ आहेत. हिशेब करा, वही आहेच तुमच्याकडे.

लिनक्सवाला_भिया

दोघंही अर्धेमुर्धे. ताईंनी वही लिहिली ते बरं केलं, पण कॉम्प्युटर स्वतःच वही लिहीत असतो हे कुणी सांगेल का? लिनक्सवर टर्मिनल उघडा, डी-मेसेज (dmesg) बघा, कुठल्या पोर्टावरून कधी काय सुटलं ते आलेलं असतं. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये शोधा. खरा प्रश्न एकच आहे: एकटा कीबोर्ड जातो की बरोबर माउसही जातो? दोघं एकदम गेले तर रोग वर आहे, हबमध्ये, वायरिंगमध्ये किंवा वीजपुरवठ्यात. एकटा गेला, तर पोर्ट, केबल नाहीतर कीबोर्ड. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक पोर्ट, केबल, ड्रायव्हर सगळं एकदम बदलतात आणि मग ‘देवाच्या कृपेनं चाललं’ म्हणून मोकळे.

आणि ते बिनवीजेचे चारतोंडी हब! यूएसबी २.० च्या पोर्टातून निघणार ५०० मिलीअँपिअर. त्यात हार्डडिस्क, मोबाइल चार्जिंगला आणि वर छोटासा पंखा. कीबोर्ड बिचारा १०० च्या आतबाहेर मागतो, तोच पहिला उपाशी मरतो.

वायरलेस_वैताग

वायर असलेल्यांचं दुःख सुखाचं आहे. माझा वायरलेस. सिल्व्हर मॉलला, आपल्या कॉम्प्युटर बाजाराला, तीन चकरा. बॅटरी बदलली, कीबोर्ड बदलला, तरी रात्री बॅकअप घेताना अक्षरं गळायची. शेवटी कळलं की रिसीव्हर निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात होता आणि शेजारच्या निळ्या पोर्टात हार्डडिस्क. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो, तिथेच हे रिसीव्हर बोलतात. खुद्द इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर कागद काढलाय. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणला, संपलं. ८० रुपये. त्याआधी दोन कीबोर्ड फेकले होते, ‘दोन_मिनिटं’ साहेबांचाच सल्ला ऐकून.

दोन_मिनिटं

माझा सल्ला ऐकून एकच फेकायचा होता. दुसरा तुमच्या हौसेचा.

अर्थिंग_अप्पा

कुणी अर्थिंग तपासलं का? इंदूरच्या जुन्या घरांत, रामबाग काय नि नारायण बाग काय, तीन पिनांच्या सॉकेटात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. थंडीत हवा कोरडी, अंगावर स्वेटर, प्लॅस्टिकची खुर्ची. उठताना अंगात साठलेली स्थिर वीज कीबोर्डाला हात लावला की उतरते आणि यूएसबी भोवंडून जातं. ताई म्हणतात अण्णा उठून आल्यावरच जातो. कशावरून ते विंडोजचं झोपणं, आणि कशावरून अण्णांचं स्वेटर नाही?

लिनक्सवाला_भिया

आले अप्पा. मागच्या धाग्यात फ्रिज गळत होता तेव्हाही अर्थिंगच होतं.

अर्थिंग_अप्पा

आणि नंतर काय निघालं, तेही लिहा की.

लिनक्सवाला_भिया

ड्रेन पाइप निघाला अप्पा. पण ताईंच्या बाबतीत मुद्दा रास्त आहे, मानतो. सेटिंग बदलल्यावर थांबलं म्हणून विंडोज दोषी ठरतं, नाहीतर स्वेटरवरचा संशय चुकीचा नव्हता.

शिफ्ट_एन

मूळ विषय बाजूला ठेवून विचारतो. ताई, अण्णा कुठल्या लेआउटवर, म्हणजे कळांच्या कुठल्या मांडणीवर, टाइप करतात? कळांवर स्टिकर आहेत का? कचेरीतले म्हणजे टाइपरायटरचा रेमिंग्टन, म्हणजे बहुधा तो जुना कृतीदेव फॉन्ट. खरा आजार तो आहे. कीबोर्ड सुटला तर दोन सेकंदांत परत येतो, कृतीदेवात लिहिलेली स्मरणिका तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता इंग्रजी कचरा दिसतो आणि तो आपोआप जात नाही. इनस्क्रिप्ट शिका. १९९१ पासून सरकारी मानक आहे, बहुतेक भारतीय लिप्यांत प्रत्येक अक्षराची जागा एकच. क ‘के’वर, हलन्त ‘डी’वर, ळ शिफ्ट-एन. बस.

रामबागची_सून

हो, स्टिकर आहेत, रेमिंग्टनचेच. ७९ व्या वर्षी माणसाला ‘बस’ म्हणून नवीन बोटं लावून मिळत नाहीत.

रिबन_काका

शिफ्ट_एन, तुमचं वय किती? आम्ही न बघता चाळीस शब्द मिनिटाला मारायचो. क आमचा ‘डी’वर आहे आणि राहील. इथे सीपीसीटीच्या, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कॉम्प्युटर परीक्षेच्या, हिंदी टायपिंगलासुद्धा रेमिंग्टन गेल (रेमिंग्टनचाच कॉम्प्युटरवरचा प्रकार) चालतो, सरकारलाच कळतं की बोटांची सवय मोडत नाही. आणि ळ आमच्याकडेही आहे, शिफ्ट-जी. तुम्ही काही शोध लावलेला नाही. राहता राहिला युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारी अक्षरं, तर रेमिंग्टन गेलवर टाइप करून युनिकोड मिळतं, कृतीदेव आणि रेमिंग्टन एक नव्हे. फॉन्ट वेगळा, लेआउट वेगळा. आधी ते शिका.

शिफ्ट_एन

शेवटचा मुद्दा मान्य. बाकीचा सूर नाही.

आणि ळ असून उपयोग काय? इंदुरात वापरतो कोण? स्टेडियम ‘होलकर’, कॉलेज ‘होलकर’, विमानतळ ‘होलकर’. आपल्या मंडळाच्या पत्रिकेवर गेल्या वर्षी ‘होलकर’ छापून आलं आणि एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. टिळकांचं तिलक कधीच झालं.

दोन_मिनिटं

झालं! कीबोर्डाचा धागा ळ वर गेला.

मालव्याची_मावशी

हिंदीत ळ लिहीत नाहीत, म्हणून पाटीवर ल येतो. त्यात कुणाचा कट नाही हो. माझी मुलं हिंदी शाळेत शिकली, घरी मराठी बोलतात, ‘बाल खेलतोय’ लिहितात आणि ‘बाळ’ वाचतात. कुणी मेलं नाही.

शिफ्ट_एन

मावशी, हेच ते. ‘कुणी मेलं नाही.’ अक्षर मेलं की!

बडोद्याचा_बंड्या

आमच्याकडे गुजरातीतच ळ आहे, त्यामुळे पाट्यांवर शाबूत आहे. इंदूरकरांनी बडोद्याला यावं, फाफडा खावा आणि ळ बघावा.

मालव्याची_मावशी

फाफडा राहू द्या, सकाळी पोहे-जिलेबी सोडून कोण येतंय? पण एक सांगते. फोनवरच्या त्या इंग्रजी अक्षरांच्या टायपिंगनं ळ पेक्षा जास्त घात ‘ऱ्य’चा केलाय. आमच्या मंडळात ‘आचार्यांचा सत्कार’ असं पत्रक काढायचं होतं. पोरानं फोनवर लिहिलं, ‘आचाऱ्यांचा सत्कार’. गेलं सगळ्यांना. गणपतीच्या जेवणावळी करणारे आमचे महाराज धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत येऊन बसले. काय करणार? शाल दोन आणल्या.

रिबन_काका

हा हा. त्यांचा सत्कार जास्त रास्त होता. टाइपरायटरवर अशी चूक झाली की अख्खं पान परत मारावं लागे, म्हणून चूक होत नसे.

शिफ्ट_एन

चूक होत नसे? १९८० सालच्या खरेदीखतावर माझ्या आजोबांचं नाव तीन प्रकारे टाइप केलंय, तिन्ही चुकीचे. तुमच्यासारख्याच कुणा चाळीस शब्दवाल्यानं.

रिबन_काका

तोंड सांभाळून बोला. हाताखाली दहा वर्षं पोरं शिकवली आहेत मी. तुमच्यासारखे स्क्रीनकडे तोंड करून जन्मलेले...

लिनक्सवाला_भिया

काका, राहू द्या. शिफ्ट_एन, तूही थांब. ते वयानं मोठे आहेत.

शिफ्ट_एन

बरं. काका, खरेदीखत तुम्ही टाइप केलं नव्हतं असं गृहीत धरतो.

रिबन_काका

उपकार झाले.

पीएसटू_प्रेमी

एवढ्या भांडणात कुणी गोल पोर्टाचं नाव काढलं नाही. १९८७ साली आयबीएमनं काढलं, कीबोर्डाचं पुढे जांभळं झालं. त्याला ना झोप, ना हब, ना सिलेक्टिव्ह काही. अण्णांच्या कॉम्प्युटरला मागे जांभळं भोक असेल तर जुना पीएस/टू कीबोर्ड आणा. फक्त चालू कॉम्प्युटरवर काढघाल करू नका, ते त्याच्यासाठी बनलेलंच नाही.

दोन_मिनिटं

म्हणजे नवा कीबोर्ड विकत घ्यायचा तर पाप, जुना शोधून आणायचा तर पुण्य.

रामबागची_सून

तीन दिवसांनी परत येतेय. अर्ध्याहून जास्त धागा ळ नं खाल्लाय, अण्णांना वाचून दाखवला. आचाऱ्यांवर ते इतके हसले की ठसका लागला.

आता खरं सांगते, लपवत नाही. काल, एकोणिसाव्या दिवशी, कीबोर्ड परत गेला. मागच्या पोर्टात असून. भियांच्या सांगण्याप्रमाणे बघितलं, माउस जागेवर होता, कीबोर्ड एकटाच गेला. केबल हलवून पाहिली. कीबोर्डातून बाहेर निघते तिथेच, मानेशी, वाकवली की जातो, सरळ केली की येतो. आतली तार तुटत आलीय. म्हणजे आजार दोन नव्हते, तीन होते.

दोन_मिनिटं

म्हणजे शेवटी नवाच कीबोर्ड. मी काही बोलत नाही.

रामबागची_सून

बोला की. दुकानदारानं दिलेला तो ४५० चा कपाटात पडला होता, ‘तोही बिघडलेला’ म्हणून. तोच लावला, मागच्या पोर्टात. उत्तम चालतोय. तुमचं ऐकलं असतं तर तोही कचऱ्याच्या गाडीत गेला असता, सुक्या कचऱ्याच्या डब्यात.

दोन_मिनिटं

ई-वेस्टचा डबा वेगळा असतो. बाकी मान्य. अर्धं.

अर्थिंग_अप्पा

तरी एकदा टेस्टर लावून बघा.

रामबागची_सून

बघते अप्पा, रविवारी. एक अडचण उरलीय. जुने स्टिकर सोलून नव्यावर बसले नाहीत, फाटले. जेल रोडवरून पाकीट आणलं, ते हिंदीचं, त्यात ळ नाही. अण्णांनी कागदाचा तुकडा कापून पेननं ळ काढलाय आणि ‘जी’वर सेलोटेपनं चिकटवलाय. चार दिवसांत निघेल. मराठी पाकीट कुठे मिळतं कुणाला ठाऊक असेल तर सांगा. बडोद्याहून कुणी येणार असेल तरी चालेल.